तांब्या कुणी भरून ठेवतं का?

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्मी पत्रं बाळंतिणीच्या खोलीतून आलेली. मी ३४ वर्षं सातारा जिल्ह्यात नर्स होते, आधी उपकेंद्रात, नंतर ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणाच्या वॉर्डात. तेव्हा जे सांगते ते वॉर्डातलं आणि लोकांच्या माजघरातलं. औषधाची चिठ्ठी मी देत नाही, ते डॉक्टरांचं काम.

*

सिस्टर, रात्रीचे तीन वाजलेत. बाळ मांडीवर आहे आणि एका हाताने मोबाइलवर लिहितेय. मुलगी आज १७ दिवसांची झाली. सिझर झालंय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन महिन्यांपूर्वीच झालं, म्हणून माहेरी जाता आलं नाही. सासूबाई गावाहून आल्यात. त्या वाईट नाहीत, पण दिवसातून दहादा म्हणतात, “दूध पुरत नाही गं तिला, बघ कशी तोंड मारतेय.” संध्याकाळी सहा ते अकरा ती दर अर्ध्या तासाने प्यायला मागते. रात्री मांडीवर झोपते, खाली ठेवली की जागी. पाजताना पहिली दोन मिनिटं कळ मस्तकात जाते. जन्माचं वजन २ किलो ९०० होतं, चौथ्या दिवशी घरी आलो तेव्हा २ किलो ७०० आणि परवा पंधराव्या दिवशी २ किलो ९६०. दिवसाला आठ-नऊ लंगोट ओले होतात. डब्याचं दूध सुरू करू का? नवऱ्याची सुट्टी संपली. तीन दिवस केसांना फणी लागलेली नाही. काल बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाकी सगळ्या बायकांना जमतं, मलाच जमत नाही असं वाटतं.
– एक आई, पिंपरी

अगं, डब्याचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे आणि ते तू स्वतःच्या हाताने लिहिलंयस. चौथ्या दिवसापासून पंधराव्यापर्यंत अकरा दिवस. तेवढ्यात पोरीने २६० ग्रॅम कमावले, म्हणजे दिवसाला तेवीस-चोवीस. वॉर्डात आम्ही दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ दिसली की वजनकाट्यापाशीच हसायचो. पहिल्या दिवसांत २०० ग्रॅम उतरले त्याचीही धास्ती नको. बाळं पहिल्या आठवड्यात उतरतातच. दहा टक्क्यांपर्यंत घट गेली की आम्ही जागे व्हायचो, तुझं सात टक्के आहे. आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत गाठलं की पास. तुझी पोर पास होऊन वर साठ ग्रॅम घेऊन बसलीय. आठ-नऊ लंगोट भिजतात ते पाणी कुठून येतं? तू तर तिला पाणी पाजत नाहीस. (पाजत नाहीस ना? सहा महिने नाही, उन्हाळा असला तरी नाही.)

आता ते तोंड मारणं. या वयाच्या बाळाच्या गालाला झबल्याची नाडी लागली तरी ते त्या बाजूला तोंड वळवून चोखायला बघतं. ती त्याला उपजत मिळालेली खोड आहे, त्यावरून भूक मोजता येत नाही. संध्याकाळी लागोपाठ पिणं हेसुद्धा दोन-तीन आठवड्यांच्या बाळांचं ठरलेलं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हा साधा हिशेब, त्यातले निम्मे ती संध्याकाळी उरकते एवढंच. बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध बनतं. त्या वेळेला बाटली तोंडात गेली की अंगाला निरोप जातो, ‘या वेळचं नको’, आणि आठवड्याभरात खरंच कमी पडायला लागतं. सासूबाई मग म्हणणार, “मी सांगतच होते.” डब्याशी माझं वैर नाही. वजन वाढत नसेल, लघवी दिवसाला सहापेक्षा कमी होत असेल, तर डॉक्टरांना विचारून वरचं दूध द्यावंच लागतं, आणि दिलं तर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. पण तुझी ती वेळ नाही.

कळ मस्तकात जाते म्हणतेस, ते मात्र सोडून द्यायचं नाही. इथे माझी एक गोष्ट सांगते, आजवर फार कुणाला सांगितलेली नाही. १९८९ साली माझा मुलगा झाला. नोकरीला दोन वर्षं झालेली, गावोगाव बायकांना ‘अंगावर कसं पाजावं’ यावर मीच भाषण द्यायचे. आणि माझी स्वतःची बोंडं चिरलेली. बाळाने तोंड लावलं की मी पदराचा बोळा दातात धरायचे. कुणाला सांगणार? नर्सबाईलाच येत नाही म्हणून गावभर झालं असतं. आठव्या दिवशी सासरच्या गावातली म्हातारी दाई बघायला आली. अक्षरओळख नसलेली बाई. दारातूनच म्हणाली, “अगं, तू बाळाकडं वाकतीस कशापायी? बाळाला तुझ्याकडं आण की.” गोधडीची घडी माझ्या कोपराखाली सारली, पाठ भिंतीला टेकवायला लावली, बाळाचं पोट माझ्या पोटाला लावलं. त्याने मोठा आ केल्यावरच मागून मानेला आधार देऊन झटक्यात जवळ घेतलं. दोन मिनिटांचं काम. मी आठ दिवस दात आवळून काढले होते.

तर तेच तू कर. नुसतं बोंड तोंडात जाता कामा नये, भोवतालचा काळा भागही बराचसा आत हवा. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगलेले, आणि मध्ये मध्ये गिळल्याचा बारीक आवाज. दुखलं तर ओढून काढू नकोस. ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी आत घाल, पकड सुटेल, मग परत लाव. सिझरचे टाके आहेत म्हणून बाळ पोटावर नको वाटत असेल तर काखेत धर, पाय तुझ्या पाठीकडे, डोकं तुझ्या तळहातावर. नाहीतर कुशीवर आडवी होऊन पाज. पाजून झालं की शेवटचा दुधाचा थेंब बोंडाला लावून हवेशीर सुकू दे. दोन दिवसांत फरक पडला नाही, किंवा छाती एका जागी लाल, गरम झाली आणि तुला थंडी वाजून ताप आला, तर दवाखाना गाठ. अशा वेळी पाजणं थांबवू नकोस, दूध साठलं की जास्त दुखतं.

रात्रीबद्दल खोटा धीर देत नाही. बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं, पण दोन-दोन, तीन-तीन तासांच्या तुकड्यांत, आणि दिवस-रात्र त्याला कळायला दोन-तीन महिने जातात. रात्री पाजताना दिवा मंद ठेव, बोलू नकोस, फक्त शी झाली असेल तरच बदल. सकाळी पडदे उघड, भांडी वाजू देत, मिक्सर फिरू दे. मांडीवरून खाली ठेवताना आधी तिचा पार्श्वभाग टेकव, मग पाठ, शेवटी डोकं, आणि हात लगेच काढून घेऊ नकोस. उताणी झोपव, सपाट, जरा कडक गादीवर. डोक्याला आकार यावा म्हणून ठेवलेली राईची उशी काढून टाक. आकार आपोआप येतो. आणि बाळ छातीवर घेऊन सोफ्यावर डुलकी कधीच काढायची नाही. डोळे मिटायला लागले की हाक मार, कुणी तरी बाळ घेईल.

ते कुणी तरी म्हणजे नवरा. केंद्र सरकारी नोकराला बाळंतपणात १५ दिवसांची रजा मिळते, खाजगीत तसा कायदाच नाही, त्यामुळे त्याची सुट्टी संपली यात नवल नाही. पण रात्र संपलेली नाही ना? अकराला पाजून बाळ त्याच्याकडे दे आणि तू दुसऱ्या खोलीत दार लावून झोप. ढेकर त्याने काढायचा, लंगोट त्याने बदलायचा, उगाच किरकिर केली तर खांद्यावर घेऊन फिरायचं. भुकेली झाली की तुझ्याकडे आणायची आणि पिऊन झाली की परत न्यायची. सलग तीन तास झोप मिळाली की सकाळी माणूस ओळखू येतो. ‘त्याला ऑफिस आहे’ हे मला सांगू नकोस. तुलाही आहे, तुझं चोवीस तासांचं आहे.

घरभेटीला जायचे तेव्हा बाळाआधी मी एक गोष्ट बघायचे. बाळंतिणीच्या हाताशी पाण्याचा तांब्या आहे का? आमच्याकडे जुना समज, बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, पोट सुटतं म्हणून. एका घरी मुलगी खाटेवर, टाके ओले, आणि तांब्या खोलीच्या पलीकडच्या टोकाला फडताळात. पाणी हवं तर उठायचं, नाहीतर हाक मारायची, आणि नवी सून हाक कशी मारणार? ओठ सुकून पांढरे पडलेले. मी कुणाला काही बोलले नाही. बोलता बोलता तांब्या उचलला आणि तिच्या उशाशी ठेवला. सासूबाईंनी पाहिलं. पुढच्या खेपेला गेले तर तांब्या उशाशी, भरलेला, वर फुलपात्र उपडं घातलेलं. तर तुझ्या नवऱ्याला सांग, ऑफिसला निघताना तुझ्या पाजायच्या जागी पाण्याची बाटली, एक डिंकाचा किंवा मेथीचा लाडू, मोबाइलचा चार्जर आणि चार धुतलेले लंगोट ठेवून जायचं. आणि सासूबाईंना दूध मोजायच्या कामातून सोडवून स्वयंपाकघर दे. “आई, तुमच्या हातची अळिवाची खीर हवी,” असं म्हण. त्यांनाही काही तरी करायचंय म्हणून त्या बोलतात.

आता रडण्याचं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून डोळ्यांना धार लागणं बहुतेकींना होतं, आणि दोन आठवड्यांत ते ओसरतं. तुझा सतरावा दिवस आहे, म्हणून चार गोष्टी खऱ्याखऱ्या तपास. बाळ झोपलंय, दुसरं कुणी लक्ष ठेवून आहे, तरी तुला झोप लागत नाही का? जेवणाची चव गेली का? बाळाकडे बघून काहीच वाटत नाही का? आपण नसतो तर बरं, किंवा बाळाला काही करावं, असं मनात येऊन गेलं का? पहिल्या तिन्हींपैकी एकाचं उत्तर हो असेल तर या आठवड्यात तुझ्या डॉक्टरांकडे जा आणि हेच शब्द वापर. चौथ्याचं हो असेल तर आजच घरात कुणाला तरी सांग, एकटी राहू नकोस, आणि लगेच डॉक्टरकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्री तीनलाही लागतो आणि मराठीत बोलतात. बाळंतपणानंतर मन आजारी पडतं तसं बरंही होतं. माझ्या वॉर्डातल्या एका शिक्षिकेने हे तीन महिने लपवलं, मास्तरीणबाईंना काय झालंय म्हणून लोक विचारतील या भीतीने. नंतर उपचारांनी नीट झाली, पण ते तीन महिने गेले ते गेलेच.

बाळासाठी मात्र वाट बघायची नाही अशा वेळा कुठल्या, ते फ्रिजवर लिहून लाव: ताप १०० पूर्णांक ४ फॅरनहाइट किंवा वर, हातपाय-पोट गार पडणं, प्यायलाच न उठणं, अंग ढिलं पडणं, झटके, शांत असतानाही मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, श्वासाबरोबर छाती आत ओढली जाणं, तळहात-तळपाय पिवळे दिसणं. यात घरगुती काही नाही. वाहन नसेल तर १०८.

केस मात्र आज विंचर. बाळ रडलं तरी पाच मिनिटांत काही होत नाही.

*

सिस्टर, माझी सून शिकलेली आहे. नातू बारा दिवसांचा. धुरीला नाही म्हणते, गुटीला नाही, काजळाला नाही, मधाचं बोट चाटवलं तर दोन दिवस बोलली नाही. मी चार मुलं अशीच वाढवली, चौघं धडधाकट आहेत. आम्ही म्हणजे अडाणीच का?
– एक आजी, बार्शी

ताई, अडाणी कशा? चार मुलं वाढवणं हे नर्सिंगच्या परीक्षेपेक्षा अवघड. पण या वेळी सून बरोबर आहे, आणि मी तुमच्याच वयाची असून हे म्हणतेय.

मधापासून सुरुवात करू, कारण त्यावरूनच अबोला झालाय. मधात एका जंतूची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ती निमूट निघून जातात, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष करतात. बाळ ढिलं पडतं, रडणंही बारीक होतं. क्वचित होतं, म्हणून तुमच्या चौघांना झालं नाही. पण मध दिला नाही म्हणून कुठल्या बाळाचं काही अडलेलं मी बघितलं नाही. बोट चाटवून झालंय ते झालं, बाळ नीट पीत असेल तर घाबरू नका, पुन्हा देऊ नका.

गुटीत सहाण, पाणी आणि हात यांतलं काय किती स्वच्छ, हा पहिला प्रश्न. दुसरा जायफळाचा. ‘गुटी दिली की बाळ छान झोपतं’ असं आपण म्हणतो ना, ती झोप जायफळाची गुंगी असते, आणि गुंगीतलं बाळ कमी पितं. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकला की वास मलाही आवडतो, माझ्या आईची आठवण येते. पण धूर तो धूरच, आणि बाळाची फुप्फुसं बारा दिवसांची. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर अजिबात नको. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, खोलीतली माणसं झोपेतच जातात. शेकायचंच तर बाळंतिणीची कंबर गरम पाण्याच्या पिशवीने शेका, पिशवी बाळाच्या अंगाला लावू नका. काजळ डोळ्यांत नको. दृष्टीसाठी हवी तर तीट तळपायाला लावा, दृष्ट लावणारे तळपाय कुठे बघतात?

नाळेला काही लावताय का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. हळद, तेल, राख, काही नको, कोरडी ठेवायची आणि लंगोट तिच्या खाली बांधायचा. आठवडा-दोन आठवड्यांत गळते. गळेपर्यंत पाटावर न्हाणं नको, कोमट पाण्यात पंचा पिळून पुसून घ्या. आजूबाजूची कातडी लाल झाली किंवा पू आला तर दाखवा.

आता जे तुमच्याकडून सुनेने घ्यायला हवं ते. सव्वा महिन्याचा आराम. हलक्या हाताने खोबरेल तेलाची मालिश, फक्त कान-नाकात थेंब नको. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणाची चटणी, वर तूप. पायांवर घेऊन न्हाऊ घालायची तुमची पद्धत तिला कुठल्या व्हिडिओत मिळायची नाही. आणि बारशाला आलेल्या साठ माणसांपासून बाळाचे पापे वाचवायचं काम तर सासूच करू शकते. सून “हात धुवा” म्हणाली तर ती आगाऊ, तुम्ही म्हणालात तर रीत.

एक सांगायचं राहिलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत मोठाली इस्पितळं बांधली नाहीत. गावातल्याच बायकांना बाळाचे श्वास मोजायला, वजन करायला, ऊब द्यायला, कोणतं बाळ आजारी आहे ते ओळखून वेळेवर इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६० टक्क्यांहून जास्त घटले. १९९९ साली ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. पुढे त्या धर्तीवर देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तुमच्याकडे चौदाव्या दिवशी येतील तेव्हा त्यांच्याजवळ बसा आणि श्वास मोजायला शिका. मनगटावरचं घड्याळ आणि उघडं पोट, एवढंच लागतं. तुमच्या सुनेला ते येत नसणार.

*

बाळ बायकोकडे शांत असतं, माझ्याकडे आलं की रडतं. मी मदत करायची म्हणजे नक्की काय करायचं?
– नवा बाबा, नाशिक

बायकोच्या अंगाला दुधाचा वास आहे, तुझ्या नाही. म्हणून तुझ्याकडे आलं की त्याला जेवण दूर गेल्यासारखं वाटतं. पोट भरल्यावर घे. शर्ट काढ, बाळाला नुसत्या लंगोटावर छातीशी उभं धर, तोंड एका बाजूला, वरून दुपटं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, काचपेट्या पुरेनात तेव्हा कमी वजनाच्या बाळांना असंच अंगाला लावून ऊब द्यायला सुरुवात झाली, कांगारू मदर केअर म्हणतात ते हेच. नावात ‘मदर’ असलं तरी बाबाच्या छातीवरही बाळ तेवढंच गरम राहतं. आमच्या वॉर्डात एक ट्रॅक्टरचालक रोज दोन तास असा बसायचा, मिशीवाला, आडदांड, हलायलासुद्धा घाबरायचा.

आणि ‘मदत’ हा शब्द सोड. शेजारचा मदत करतो. लंगोट धुणं, लस कधी ते लक्षात ठेवणं (जन्माच्या वेळच्या झाल्या असतील, पुढच्या दीड महिन्याला), येणाऱ्या पाहुण्यांना “आत्ता झोपलंय” सांगणं ही तुझी कामं. बायकोने सांगायची वाट बघू नकोस. तांब्याचं वर लिहिलंय, ते वाच.

*

मुलगा दहा दिवसांचा. त्याची छाती दोन्ही बाजूंना फुगल्यासारखी दिसते, दाबली तर पांढरं येतं. मालिशवाली म्हणते रोज पिळून काढायचं, नाहीतर गाठ राहते.
– कराड

काही करायचं नाही. पोटात असताना आईच्या रक्तातून आलेल्या संप्रेरकांमुळे मुलगा असो वा मुलगी, छाती अशी फुगते आणि काही आठवड्यांत आपोआप बसते. मुलींच्या लंगोटाला पहिल्या आठवड्यात रक्ताचा एखादा डागही याच कारणाने दिसतो. पिळलं की जंतू जातात आणि पू होतो. मी अशी दोन बाळं बघितलीत, एकाला चीर द्यावी लागली. लाल झाली, गरम लागली किंवा एकच बाजू वाढत गेली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मालिशवालीला ठरलेले पैसे द्या, चहा द्या, छातीला हात लावू देऊ नका.